वाणातली किल्ली

एमएस्सीला कुठं जायचं, हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं. थोरले दीर विजयकुमार ज्या कॉलेजात क्लार्क आहेत, तिथं.

"नाव टाकायचं अन् घरी बसायचं. परीक्षेपुरतं जायचं. लेकराचीबी आबाळ न्हाई," ते म्हणाले. संस्थेला दरवर्षी पोरं आणून द्यावी लागतात, हे काही ते म्हणाले नाहीत.

मी ते कॉलेज बघून आले होते. वनस्पतीशास्त्राची प्रयोगशाळा दाखवा म्हटलं, तर शिपायाला कुलपाची किल्लीच सापडेना. खिडकीतून बघितलं, आत मंडपाच्या खुर्च्या रचलेल्या. मला जायचं होतं नांदेडला, विद्यापीठात. माझा नंबर लागत होता. पण तिथं रोज हजर राहावं लागतं, म्हणजे माझ्या तान्ह्या लेकीला, दिपाला घेऊन तिथंच राहायचं.

"नांदेडला ऱ्हाऊन काय दिवे लावणार हाय?" सासूबाईंनी, गोजरबाईंनी विचारलं. "हळद कोण लावील?"

"हळद मजूर लावतात की, आत्याबाई."

"अन् मजुरांच्या भाकरी?"

माझा नवरा बालाजी ताटात बघत म्हणाला, "दादाचं कॉलेज बराबर हाय."

त्यानंतर माझ्याशी कुणी सरळ बोलेना. दिपा रडली की सासूबाई भिंतीला सांगायच्या, "ऐका, कलेक्टरीणबाईचं लेकरू रडून राहिलं." दिपाला वाटायचं, आजी खेळून राहिली. रडता रडता ती आपले नवे दोन दात दाखवून हसायची, अन् त्या हसण्यावर मी पुढचा दिवस काढायची.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. मागच्या धोंड्यात माझ्या जाऊबाईंच्या, पुनमताईंच्या माहेरून जावयाच्या वाणात स्टीलचा डबा आला होता. चांदी न्हाई म्हणून विजयकुमारांनी तो परत धाडला. त्याच साली सासरे किसनराव ट्रॅक्टरवरून पडले, पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून सासूबाईंचा नियम एकच: आलेलं वाण परत करायचं नाही, अन् न वापरता ठेवायचंही नाही.

हे सगळं मी माझ्या मायला फोनवर सांगितलं. काय करायचं, तेही सांगितलं.

पुसेगावला, माझ्या माहेरी आम्ही धोंड्याचं जेवायला गेलो. कॉलेजाचं बोलणं पक्कं करायला विजयकुमार बरोबर आले. माझ्या वडिलांनी, अमृतरावांनी त्यांच्या ताटात धोंडा वाढून विचारलं, "विजयराव, तुमच्या कॉलेजात शिकवायला कोण हाय?"

"शिकवायला कशाला कोण लागतंय, नाना? नोट्स मिळतात."

"मग कॉलेजात काहून जायचं?"

"डिग्रीसाठी."

"डिग्री तर तुमीबी घेतली की तशीच."

विजयकुमारांनी धोंडा अर्धाच ठेवला. बालाजी माझ्याकडं बघून दातओठ खात होता.

मायनं बालाजीचे पाय धुतले, वाणाचं तबक हातात दिलं. वर लाल खण झाकलेला. "जावईबापू, घरी देवापुढंच उघडा."

बालाजीनं तबक कपाळाला लावलं तसं आत काहीतरी किणकिणलं. विजयकुमारांचा चेहरा परत खुलला. "अंगठी हाय," ते भावाच्या कानात म्हणाले. मला ऐकू येईल इतकं.

कुरुंद्याला घरी येऊन सासूबाईंनी देवापुढं खण उचलला. अनारसे, दिवा, अन् हळदकुंकू लावलेली एक किल्ली.

"कशाची गं?"

"नांदेडला भाड्यानं घेतलेल्या खोलीची. दिपाला बघायला माझी माय तिथं येऊन राहणार हाय."

विजयकुमार म्हणाले, "ही फसवणूक हाय, आये."

"उद्या तोंडावर फेकून येतो," म्हणत बालाजीनं हात घातला. सासूबाईंनी तो झटकला.

"हात लावू नको. तुझ्या बापाचा एक पाय गेला तेवढा बास."

बाजेवर बसलेल्या सासऱ्यांनी दुसरा पाय आत ओढून घेतला.

"मग राहू द्या देव्हाऱ्यात," विजयकुमार म्हणाले.

"अन् वाण नुसतं ठेवलेलं चालतं का रे? तूच डबा परत धाडला होता ना?"

"माझ्या माहेराला नाही सुचलं असलं," दारातून पुनमताई म्हणाल्या. हे मला म्हणाल्या की स्वतःच्या नवऱ्याला, कळलं नाही.

बालाजी चप्पल घालून निघाला. "मी सोडायला येणार न्हाई."

"तुमी नका येऊ," मी म्हटलं.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. बऱ्याच दिवसांनी भिंतीला न सांगता मला सांगत होत्या. "जा. वाणापायी जाऊ देऊन राहिले, तुझ्यापायी न्हाई. अन् इथं येशील तवा पाव्हणी म्हणून येशील. चुलीला हात लावायचा न्हाई."

"बरं, आत्याबाई."

एवढ्यात दिपा रांगत देवापाशी गेली अन् किल्ली उचलून तोंडात घातली. ओठांना कुंकू लागलं. सासूबाईंचा हात तिच्याकडं निघाला, अर्ध्यावर थांबला, परत गेला. मी लेकराला उचललं, पदरानं तोंड पुसलं. किल्ली मात्र तिनं सोडली नाही. मीही ओढली नाही.