सारवलेली भिंत

आदल्या सालीच राज्य नवं झालं होतं. त्या नव्या राज्याचे फवारणीवाले जैनाबादला आले आणि भागाबाईच्या भिंतींवर पांढरे ओघळ आणि उग्र वास सोडून गेले. शारदा, तिची पोटुशी लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली. ती या वासात निजणार? भागाबाईनं शेणमाती कालवली आणि दुसऱ्या दिवशी एकही ओघळ शिल्लक ठेवला नाही.

श्रावण लागला तशी शारदाला थंडी भरू लागली. दिवसाआड यायची. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं. "अशा दिवसांत होते असं," शेजारची सोजरबाई म्हणे. पोरीचे ओठ केळीच्या गाभ्यासारखे पांढरे पडले, तेव्हा कुठं तिला तापीपलीकडं दवाखान्यात नेलं.

तिथं मूल महिनाभर आधीच आलं. मुलगी. तिचं रडणं ऐकायला कान जवळ न्यावा लागे.

"हिवतापानं आईचं रक्तच खाल्लं, पोटात हिला काय मिळणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी फवारणी झाली नव्हती?"

"झाली ना! पण म्या लगेच सारवून काढलं सारं," भागाबाई तोऱ्यात बोलून गेली.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मावशी, डास भिंतीवर टेकतो. तिथलं औषध त्याच्यासाठीच होतं. तुम्ही ते झाकलंत."

लेक-नातीला घेऊन भागाबाई घरी परतली ती वाळल्या पाचोळ्यासारखी. मागं फवारणीची दुसरी फेरी होऊन गेली होती. भिंती पुन्हा ओघळलेल्या.

पाचवीच्या सकाळी सोजरबाई शेणाची बादली घेऊन हजर.

"ऊठ व भागा. रात्री सटवाई पोरीचं कपाळ लिहाले येईन. असल्या भिंतीपुढं बसवशीन तिले?"

"बसन."

"वास येते व!"

"येऊ दे. नाक दाबून लिही म्हणा. पण लंबं लिही."

सोजरबाई हसली. भागाबाईनं बादली उचलून अंगणात नेऊन ठेवली.

"माय, आज थंडीचा दिवस ना?" शारदानं विचारलं.

"दवाखान्यातली गोळी घेतली ना? गप पड."

दुपार झाली, उन्हं उतरली. भागाबाई घडोघडी लेकीच्या कपाळाला हात लावत राहिली. थंडी आली नाही. पोरगी दोन घोट ओढायची, दमायची, डोळा लागायचा, पुन्हा तोंड शोधायची.

अंगणात बादलीतलं शेण वाळून गेलं.