मेणाचा थेंब

आमच्या म्हाताऱ्याला, लाओ ग्वानला, हिवाळ्यात माणसांपेक्षा रातकिडे प्रिय. भोपळ्याच्या डबीत एकेक किडा, आणि डबी कोटाच्या आत छातीशी. अर्ध्या बेजिंगला हे खूळ आहे, पण लग्न मी याच्याशी केलं.

यंदा किडे विकणाऱ्या छीकडून तीन रातकिडे आणले आणि त्याचं बिनसलं. "तिन्ही मुके! त्या छीने मला फसवलं," असं म्हणत तो बाजारात जाऊन छीशी भांडूनही आला. तिन्ही चांगले गात होते. उंच पट्टीतले बारीक आवाज गेले होते ते म्हाताऱ्याच्या कानांतून. मी एकदा तसं म्हटलं, तर चार दिवस धड जेवला नाही.

मग एका सकाळी मी बाजारातून येत होते. खाली अंगणातच आमच्या बाल्कनीतून किरकिर ऐकू आली. बर्फात उघडी डबी! जिना चढून पोचले तोवर किडा गारठून कायमचा गप्प झाला होता.

"मुक्याला कशाला पोसायचं?" म्हातारा म्हणाला. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

मी तीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात चाकं बसवली आहेत. भिंगातून बघा, रातकिड्याच्या एका पंखाखाली करवतीसारखी दात्यांची ओळ असते. दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासते, तेच गाणं. इतकं नेटकं काम आमच्या कारखान्यातही होत नसे. त्या पंखावर मेण-राळेचा थेंब ठेवला की पंख जड होतो, आवाज खालच्या पट्टीत उतरतो. असे किडे बाजारात मिळतात, पण म्हातारा त्यांना हात लावत नाही. "ही लबाडी आहे," म्हणतो. यावरून त्याने जुना मित्र तोडला होता.

दुपारी तो झोपल्यावर मी भिंग लावलं, तारेचं टोक तापवलं आणि एकाच्या पंखावर थेंब ठेवला.

डबी मी त्याच्या छातीशी ठेवली. तासाभराने तो उठून बसला.

"म्हातारे! गातोय!"

तोंडभर हसला. मग अचानक हसू थांबलं. त्याने माझं भिंग उचललं, डबी खिडकीशी नेली आणि बराच वेळ आत पाहत राहिला. मी शिव्यांची वाट पाहत होते.

"तू ठेवलास?"

"हो. काय बोलायचं ते बोल."

तो बाल्कनीच्या दाराकडे पाहत राहिला.

"तो बाहेरचा," त्याने हळूच विचारलं, "तोही गात होता?"

"छे," मी म्हटलं. "तो खरंच मुका होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उरलेली तिसरी डबी माझ्यापुढे सरकवली आणि तार तापवायला दिवा लावला.