हेमांगीच्या पाठीशी

गुणाजी परबने शेजारच्या दारावर थाप मारली आणि कडी निघायच्या आत सांगून टाकलं,

"कुशाबा, उद्या सकाळी कॉलेजच्या फाटकावर येवचा हा. वयनीक पण घेऊन ये."

"कित्याक रे?" कुशाबा बनियनवरच बाहेर आला.

"माझ्या चेडवाक, हेमांगीक, थयल्या मास्तरान त्रास दिल्यान. हात लावल्यान."

कुशाबा आत वळला. खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि तोही गुणाजीबरोबर पलीकडच्या दाराशी निघाला. लालबागच्या त्या चाळीत हा मजला बहुतेक एकाच गावचा, आणि पुरुष बहुतेक एकाच गिरणीतले. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, एकाला शिवी दिली की अख्ख्या खात्याचे साचे बंद पाडणारी ही माणसं. साहेबापुढे एकट्याने जायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पुढे संप झाला, गिरणी गेली, गुणाजी दादरच्या एका सोसायटीत वॉचमन झाला, पण ही खोड काही गेली नाही.

तक्रार हेमांगीने स्वतःच केली होती, कॉलेजच्या मुलींच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे. समितीच्या मृणालिनी मॅडमनी तिला आतल्या खोलीत बसवून शब्द दिला होता, "तुझं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. तूही कुठे बोलू नकोस." मॅडमनी शब्द पाळला. नाव बाहेर गेलं नाही. दुसरंही काही बाहेर आलं नाही. दिवाळी होऊन गेली तरी तेच सर प्रॅक्टिकल घेत होते, आणि जर्नल तपासायच्या निमित्ताने तिला मागे थांबवत होते. शेवटचं वर्ष. सरांना दूर करावं आणि आपल्याला परीक्षा देऊ द्यावी, एवढंच तिचं मागणं होतं. पोरगी जेवेनाशी झाली तेव्हा तिच्या आईने, शेवंतीने, खोदून खोदून काढून घेतलं. आणि शेवंतीच्या पोटात काही राहतंय थोडंच!

"तिका इचारलास?" शेवंतीने आता नवऱ्याला दारातच अडवलं.

"इचारूचा काय त्यात? बापूस ना मी तिचो?"

गप्प बसायला सांगणारा साहेब कोणाच्या बाजूचा असतो, हे गुणाजीला कोणी शिकवायची गरज नव्हती. पोरगी इतके दिवस एकटी त्या माणसासमोर उभी राहत होती, हे मनात आलं की त्याचं डोकं भणभणायचं. पोरगी पाठ करून झोपली होती. तिला त्याने उठवलं नाही.

सकाळी फाटकावर बायका इस्त्रीची लुगडी-पातळं नेसून आल्या होत्या, पुरुष स्वच्छ दाढ्या करून. कामाला दांडी मारून आले होते बिचारे, कोणाचं कुरकुरणं नाही. कुशाबाने घसा खाकरला. बऱ्याच वर्षांनी त्या आवाजाला काम मिळालं होतं.

"हेमांगी परबला—"

"न्याय मिळालाच पाहिजे!"

वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या. गुणाजीचा ऊर भरून आला. तेवढ्यात त्याला हेमांगी दिसली. लायब्ररीतून धावत आलेली ती जिन्याच्या पायरीवरच थबकली होती. आवारातली पोरं एकेक करून फाटकाकडची मान वळवून तिच्याकडे बघू लागली. तिने पुस्तकं छातीशी धरली आणि ती भिंतीला टेकली. बापाकडे तिने पाहिलंच नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी गुणाजीला केबिनमध्ये बोलावून घेतलं. चहा मागवला. "परबसाहेब, बसा," म्हणाले. मृणालिनी मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. आधी त्याच बोलल्या.

"आणखी दोन मुली बोलायला तयार झाल्या होत्या. याच सरांबद्दल. नाव फुटणार नाही, एवढ्याच भरवशावर. मघाशी घोषणा ऐकल्या आणि दोघी येऊन नको म्हणून गेल्या."

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, मॅडम."

"सांगता येत नव्हतं."

गुणाजीने कपाकडे हात नेला आणि परत मांडीवर ठेवला. प्रिन्सिपॉल हळुवारपणे म्हणाले,

"गुप्तता तुमच्या बाजूने मोडली, परबसाहेब. आता समितीने काही ठरवलं, तर मोर्च्याला घाबरून ठरवलं असं होईल."

"म्हणजे चौकशी बंद केलीत?"

"छे, छे! बंद कशी करू? चालूच राहील."

"आणि ते सर?"

"चौकशी चालू असताना कोणावर कारवाई कशी करणार?"

गुणाजी उठला. गिरणीचा संपही कधी कोणी मागे घेतला नव्हता. मिटला म्हणून कोणी सांगायला आलं नाही, हरलो म्हणून कोणी बोललं नाही. तोही असाच चालू राहिला होता.

खाली बायकांनी हेमांगीला मधे घेतलं होतं. कोणी तिचा दंड धरला होता, कोणी पाठीवरून हात फिरवत होतं. बाप बाहेर आलेला दिसताच ती कशीबशी म्हणाली,

"बाबा, काय म्हणाले?"

"चहा दिलो मा?" कुशाबाने मधेच विचारलं. गुणाजीने मान डोलावली, तसा कुशाबाने हात उंच केला. साहेबाने बसवून चहा पाजला म्हणजे अर्धं काम झालं, हा हिशोब सगळ्यांना पाठ होता. पुन्हा घोषणा उठली, आधीपेक्षा मोठी.

"बाबा, मी मागाहून एकटी येते," हेमांगी म्हणाली.

"एकटी कित्याक? आमी आसंव मा!" कुशाबाची बायको म्हणाली आणि तिने हेमांगीचा हात अधिकच घट्ट धरला.

सगळे चाळीकडे निघाले, भर रस्त्याने, पोरीला मधोमध घेऊन. गुणाजीने दोनदा तोंड उघडलं. कामावर खाडा करून आलेल्या माणसांना परत जा म्हणून कसं सांगायचं, ते त्याला सुचेना. वाण्याच्या दुकानासमोर गर्दी बघून वाणी फळीवरून खाली उतरला.

"काय हो परब, कसला मोर्चा?"

बायका मायेने बाजूला झाल्या, वाण्याला दिसावी म्हणून, आणि कुशाबाच्या बायकोने हेमांगीला खांद्याला धरून पुढे केलं.

"ह्या आमच्या चेडवासाठी," ती म्हणाली. "हीच ती."