तांबड्या शाईचे चिटोरे

बाबांचे व्याख्यान बारा मे रोजी ठरले होते आणि ते नऊ एप्रिलला गेले. वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेची पत्रके तोवर छापून झाली होती. सहावे पुष्प: श्री. त्र्यंबक वि. आठल्ये. विषय: इराक आणि कुवेत, दोन शेजाऱ्यांची राहणी.

श्रीपादराव चौदाव्या दिवशी आले. ते वाचनालयाचे चिटणीस आणि शाळेतले बाबांचे सहकारी. बाबा भूगोल शिकवत, ते संस्कृत. आईशी बोलून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"उत्तरा, बारा तारीख मोकळी सोडता येत नाही. माझं प्राचीन नौकानयनावरचं तयार आहे. गेल्या वर्षीचंच आहे, पण लोक विसरले असतील."

"बाबांची टिपणं आहेत. मी वाचेन."

"अगं, बाईमाणसानं वाचायला माझी ना नाही. पण त्र्यंबकच्या त्या चिंध्या तुला लागतील का? संक्रांतीला त्यानं माझ्यापुढे लग्नपत्रिका धरली. मी विचारलं, कुणाची? तर हा म्हणतो, पाठीमागे बघ, इराकचं धरण आहे." ते हसले आणि लगेच आईकडे पाहून थांबले. "सहा मेला, सोमवारी सांग. आणि नुसतं वाचून भागणार नाही हो. कुठला देश पुढे गेला, कुठला मागे राहिला, ते शेवटी आलं पाहिजे. कल्याणचे लोक निष्कर्षाला येतात."

मी हो म्हटले. माझा धीर होता तो एका गोष्टीवर. टिपणे मी आधीच नीट लावून ठेवली होती.

बाबा कधीच परदेशी गेले नाहीत. त्यांचा दूरचा प्रवास म्हणजे नाशिक. चार वर्षांपूर्वी मुलांना मीठ कसे पिकते ते दाखवायला ते ठाण्याच्या कोपरीला मिठागरावर गेले आणि तिथे त्यांना महिपत भेटला. महिपत दुसऱ्या लढाईच्या दिवसांत फौजेच्या मजूर तुकडीबरोबर इराकमध्ये बसऱ्याला होता, आणि नंतर पाच वर्षे कुवेतला तेलाच्या धक्क्यावर. मीठ बघायला गेलेले बाबा त्या दिवशी अरबस्तान घेऊन घरी आले. मग महिन्यातून दोन रविवार कोपरी. घरी आले की ते आठवीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे, नाहीतर आलेल्या लग्नपत्रिकांचे, कोरे भाग कापत आणि त्यावर बारीक अक्षरात लिहीत बसत. एका चिटोऱ्यावर एकच गोष्ट.

सुतकाच्या दिवसांत मी त्यांचे कपाट आवरले. चिटोऱ्यांची दोन पुडकी होती, एक जानव्याच्या सुताने बांधलेले आणि एक सुतळीने. सोडून पाहिले तर दोन्हींत निळ्या आणि तांबड्या शाईची सरमिसळ. मला फार वाईट वाटले. शेवटच्या दोन महिन्यांत बाबांचे भान सुटत चालले होते. एकदा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला होता. एकदा त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली होती. मला वाटले, तसेच हे. निळी शाई एका देशाची आणि तांबडी दुसऱ्याची, आणि हातातले सगळे एकमेकांत मिसळत असताना त्यांनी हेही मिसळून टाकले. दोन दुपारी बसून मी चिटोरे निवडले. निळे सगळे एकीकडे, तांबडे एकीकडे. निळ्यांना सूत बांधले, तांबड्यांना सुतळी. त्या दोन दुपारी मला जरा बरे वाटले होते.

श्रीपादराव गेल्यावर मी वाचायला बसले.

पहिला निळा चिटोरा: 'नदीकाठी खजुराची बने. मैलोगणती.' म्हणजे निळा इराक. तिसरा निळा: 'नदी नाही. गोडे पाणी होडीतून येते आणि विकत मिळते.' हे इराकचे कसे असेल? बरे, तांबडे. 'समुद्राचे पाणी उकळून गोडे करण्याचा कारखाना झाला. आता होडी नको.' म्हणजे तांबडा कुवेत. पुढचा तांबडा: 'धरण झाले. ज्याच्या जमिनीला पाणी मिळाले तो शहरात राहतो.' कुवेतला धरण कुठले?

मी पुष्कळ वाचते. वाचनालयातली प्रवासवर्णने मी मॅट्रिकच्या आधीच संपवली होती, आणि ठाण्याच्या शाळेत नोकरी लागल्यापासून इंग्रजी पुस्तकेही आणते. वाचणाऱ्याला एक खोड लागते. समोर काहीही आले तरी त्याचा अर्थ लागतोच असे त्याला वाटते. मी बाबांचा जुना नकाशा काढला. दोन देश इतके खेटून की बोटाच्या एका पेराखाली दोन्ही झाकले जात होते. बसऱ्याच्या नदीचे पाणी होडीत भरून कुवेतला जायचे, हे मला एका तांबड्या चिटोऱ्यावरूनच कळले. मग 'पाण्याची होडी' या चिटोऱ्याचा देश कुठला? जिथे होडी भरते तो, की जिथे रिकामी होते तो?

आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिची नथ होती. ती आता कपाटात ठेवायची होती.

"यातल्या मोत्यांवरून ते मला चिडवायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, तुझे बसऱ्याचे मोती बसऱ्याचे नव्हेतच. बुड्या मारणारे कुवेतचे, बाजार तेवढा बसऱ्याचा."

"मग कुठले म्हणायचे ते?"

"मी म्हटलं, माझ्या वडिलांनी दिलेत, ते कल्याणचे." ती चिटोऱ्यांकडे बघत राहिली. "लागतंय का काही?"

"नाही लागत."

"शेवटी शेवटी त्यांना उमजत नव्हतं गं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

पाच तारखेला, रविवारी, मी दोन्ही पुडकी पिशवीत घालून कोपरीला गेले. महिपत मिठागराच्या बांधावर होता. मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे होते की तिकडे पाहवत नव्हते. त्याने मला त्याच्या झोपडीच्या सावलीत बसवले आणि त्याच्या बायकोने, हौसाबाईने, पाणी दिले.

"मास्तर गेलं ते मना लय उशिरा कललं, बाय," महिपत म्हणाला. "दोन रईवार वाट बगितली. मना वाटला, मास्तरचा माज्यावर राग झाला."

मी व्याख्यानाचे सांगितले. मग विचारले, "निळी शाई कुठल्या देशाची आणि तांबडी कुठल्या?"

तो हसला. "शाई देसाची नसते, बाय. मी बोललू का मास्तर निल्यानं लिवायचा. घरा जाऊन पेपरात बगायचा, पुस्तकात बगायचा. नायतं फिरून मनाच इचारायचा. मंग तांबऱ्यानं लिवायचा. तुमच्या शालंत पोरांचा तपासतात ना, तसा मास्तर सोताचाच तपासायचा."

"मग देश कसा कळायचा?"

"पुरक्यावरना. सुताचा बसऱ्याचा, सुतलीचा कुवेतचा. मना वाचता येत नाय, पन पुरका वलकतो. आनलंस ना?"

मी पिशवीतून दोन्ही काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने आनंदाने सुताचे पुडके उचलले. "हां. ह्याच." त्याने सूत सोडले, वरचे दहावीस चिटोरे चाळले आणि मग खालून चाळले. सगळे निळे. त्याने सुतळीचे सोडले. सगळे तांबडे.

"ह्या कुनी केला?"

"मी."

हौसाबाई खाली बसली आणि तिने एक चिटोरा उचलून उगाच पदराला पुसला.

"घरातला मानूस गेला का बायका भांडी घासत बसतात," ती म्हणाली. "हिनं कागद घासलं."

बाबांनी काहीच मिसळले नव्हते. चार वर्षांत एकही चिटोरा चुकीच्या पुडक्यात गेला नसेल. मी डोळे पुसले आणि पाणी प्यायला भांडे उचलले, पण ते रिकामे होते.

"रडू नको, बाय. वाच एक एक," महिपत म्हणाला. "मी सांगतू."

मी वाचू लागले. तो ऐके, डोळे मिटे आणि सांगे. "बसरा." "कुवेत." "कुवेत. थितं आपलाच रुपाया चालायचा, बाय, नोट काडली का झाला." "बसरा. थितं दिनार. थितं आपली नोट कोन इचारतो?" तो सांगेल तसे मी मीठ भरायच्या दोन टोपल्यांत चिटोरे टाकत होते. तासभर बरे चालले. मग तो अडखळू लागला.

"'घरे मातीची. पावसात भिंत बसते.'"

"कुवेत... थांब. बसऱ्याला बी तशीच व्हती. बोरूच्या काड्यांची बी व्हती."

"मग कुठं टाकू?"

"थांब ना. मना मास्तर दिसतंय लिवताना, पन मी कनच्या गावाचा बोलत व्हतू त्या दिसत नाय."

"याला काय इचारतेस?" हौसाबाई म्हणाली. "हा कल्यानला जायला निंगतो नि दिव्याला उतरतो. म्हनं बसरा नि कुवेत!"

"तू गप. तू ठान्याच्या भायेर गेलीस का कदी?"

"म्हनून तं माजी चूक व्हत नाय."

ऊन उतरेपर्यंत दोन टोपल्या भरल्या होत्या आणि माझ्या मांडीवर तिसरा ढीग झाला होता. त्याचा देश सांगता येत नव्हता. पण एक गोष्ट झाली होती. वाचता वाचता मला तांबड्याचे निळे सापडू लागले होते. निळा: 'बाई पाण्यासाठी पहाटे रांगेत बसते, पाणी दुपारी मिळते. मधे ती काय करते?' तांबडा: 'विचारले. बसते.' निळा: 'दवाखाना फुकट.' तांबडा: 'महिपतला औषध मिळाले. खाट नाही. कारण सांगत नाही.'

"कारण काय होतं?" मी महिपतला विचारले.

"आता ह्या बी तूच इचारनार?" तो म्हणाला आणि मिठाकडे बघू लागला.

एका तांबड्याला मात्र जोडीदार सापडला नाही. 'चूक. पुन्हा जाऊन विचारणे.' कसली चूक, ते त्यावर नव्हते. मी सगळे निळे दोनदा चाळले. तो कोणालाही लागू पडत होता.

सोमवारी मी श्रीपादरावांना हो कळवले. निष्कर्षाचे मी काही बोलले नाही.

बाराला संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात सत्तर-ऐंशी माणसे होती. महिपत धुतलेला सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला होता. मी टेबलावर तीन ढीग मांडले आणि पहिल्यांदा सांगून टाकले की टिपणे वडिलांची आहेत, ती नीट लावलेली होती आणि ती मी बिघडवली. पुढच्या रांगेत कुणीतरी 'असू दे, असू दे' म्हणाले. ते मला सहन झाले नाही, म्हणून लगेच वाचायला लागले.

डावा ढीग इराक. नद्या, खजूर, तेलाच्या उत्पन्नातून बांधलेली धरणे, आणि जमीनदाराच्या शेतातून उठून शहराच्या कडेला बोरूच्या झोपड्यांत राहायला आलेली माणसे. उजवा ढीग कुवेत. दहा वर्षांपूर्वी पाणी विकत घेणारे गाव, आता फुकट शाळा, रुंद रस्ते, आणि जुनी मातीची घरे पाडून नवी. लोक नीट ऐकत होते. मग मी तिसरा ढीग घेतला आणि निळ्यापुढे त्याचा तांबडा असे वाचत गेले, देश न सांगता.

पहिल्यांदा कुणीतरी हळूच म्हणाले, "हे कुवेत." दुसरे म्हणाले, "छे हो, इराक. मातीच्या भिंती म्हणाल्या ना त्या?" रांगेत बसणाऱ्या बाईचे वाचले तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला, "अगं बाई, हे तर आमच्या टिटवाळ्याचं." सगळे हसले. ते माझ्यावर हसले की नाही, ते मला कळले नाही. हसू ओसरायच्या आत शेवटच्या रांगेत महिपत उभा राहिला.

"बाय, भिंतीचा त्यो कुवेतचा. मी रईवारी उगाच घोल घातला."

"नक्की?"

"आता तसा वाटतंय."

मी तो चिटोरा तिसऱ्या ढिगातून उजव्यात ठेवला. मग तो म्हणाला, "नायतं र्‍हाऊ दे थितंच," आणि खाली बसला. मी तो परत उचलला. आता पुष्कळ लोक हसत होते, आणि मला वाटते मीही.

श्रीपादराव अध्यक्षांच्या खुर्चीतून वाकून हळू आवाजात म्हणाले, "उत्तरा, निष्कर्ष."

माझ्या हातात जोडीदार नसलेला तांबडा चिटोरा होता. मी तो वाचला. "चूक. पुन्हा जाऊन विचारणे."

लोक आणखी काहीतरी येईल म्हणून थांबले. काही आले नाही, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आधी थोड्या आणि मग बऱ्याच. श्रीपादरावांनी आभार मानताना बाबांच्या व्यासंगाबद्दल चांगले शब्द काढले आणि पुढच्या वर्षी आपण नौकानयनावर बोलणार असल्याचे सांगितले.

घरी आल्यावर आईने विचारले, "त्यांचं झालं का नीट?"

"ठाऊक नाही," मी म्हटले. तिने पान वाढले.

जेवण झाल्यावर मी एका उत्तरपत्रिकेचा कोरा भाग कापला. बाबांची तांबड्या शाईची दौत अर्धी भरलेली होती. मी लिहिले: '१२ मे. मातीच्या भिंती. महिपत म्हणतो, कुवेत. मग म्हणतो, राहू दे.' आणि तो चिटोरा भिंतींच्या निळ्या चिटोऱ्याखाली ठेवला. सूत आणि सुतळी टेबलावरच पडून आहेत. येत्या रविवारी कोपरीला जायचे आहे.