ब नळीत काही बदल नाही

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली ओळख फार नम्रपणे करून देतात. मला ते जमत नाही. मी परीक्षानळी आहे. जुनी आहे, ओठाचा एक टवका उडालेला आहे, आणि नांदुरा तालुक्यातल्या एका शाळेच्या कुलूपबंद कपाटात मी माझं निम्मं आयुष्य काढलं आहे.

माझा जन्म आगीतला. लालबुंद काच ओढून लांब केली, कापली, ज्योतीवर गरगर फिरवून माझा तळ बंद केला. एवढं सोसून बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता रोज नवं द्रव्य, रोज नवा रंग, मुलांचे डोळे विस्फारतील. कसलं काय. शाळेत आले ती थेट कपाटात. शेजारी चंचुपात्र होतं, त्याला स्वतःच्या जाडीचा भारी गर्व. काम काय, तर शिपायांच्या किल्ल्या सांभाळायच्या. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

कौतुकही झालं माझं, खोटं नाही सांगणार. तपासणीला साहेब येणार असले की आम्हाला पुसून स्टँडमध्ये उभं करत आणि मोरचुदाचं निळं पाणी भरत. साहेब दारातूनच बघत आणि म्हणत, "वा, प्रयोगशाळा सुसज्ज आहे." मग चहाला जात. निळं पाणी बेसिनमध्ये आणि आम्ही कपाटात. असल्या कौतुकाची मला आजही शिसारी येते.

आता उमाळे सरांबद्दल सांगते. दहावीला रसायन तेच शिकवतात. शिकवतात म्हणजे "लिहा" म्हणतात. मुलं मान खाली घालून लिहितात, आणि क्लोरीन दिसतो कसा, झोंबतो कसा, हे कोणालाच ठाऊक नसताना त्याची संयुजा मात्र सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. सरांची प्रयोगाची पद्धत तर बघण्यासारखी. निरीक्षण आधी, प्रयोग नंतर, आणि तोही वेळ उरला तर.

त्या दिवशी वेळ उरला.

टेबलावर आम्ही दोघी होतो. अ नळीत मिठाचं पाणी, माझ्यात साखरेचं, दोन्ही शाळेच्या नळाचंच. मी ब. दोघींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडायचे होते. मीठ असेल तिथे पांढरा साका धरतो, साखरेत काही होत नाही, हे दाखवायचं होतं. थेंब पडायच्या आधीच सरांनी सांगून टाकलं, "अ नळीत पांढरा अवक्षेप. ब नळीत काही बदल नाही. लिहा."

मग थेंब पडले. अ नळी दह्यासारखी झाली. आणि मित्रांनो, मीही पांढरी झाले. तिच्याइतकी नाही, पण पातळ ताकासारखी, अगदी मागच्या बाकावरून दिसावी इतकी. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि बघता बघता वहीत लिहीत होता, 'ब नळीत काही बदल नाही.' माणसाला डोळे कशाला दिले असतील, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

एका मुलीचं पेन थांबलं. प्रतीक्षा तिचं नाव. काका काळी-पिवळी जीप चालवतात, तिच्यातूनच ती शाळेत येते. ती उभी राहिली.

"सर, ब नळी बी पांढरी झाली."

"कुठं पांढरी?"

"हे काय समोर. काऊन झाली सर? साखरेत तर क्लोराइड नसते."

सरांनी मला उचललं, उजेडाकडे धरलं आणि एका वाक्यात माझी अब्रू घेतली. "नळी घाण आहे. तुह्याकडंच धुवाले देली होती ना?"

"म्या चांगली धुतली होती सर."

"चांगली धुतली असती तं अशी झाली असती का? बस खाली. अन् वहीत काय लिहिलं? 'ब नळी पांढरी झाली'? खोड ते. बदल नाही असं लिहून आण, तवाच सही भेटल. सही नाही तं प्रॅक्टिकलले बसाचं नाही."

शेजारचा संघर्ष कुजबुजला, "लिहून टाक ना वं. तुह्या बापाचं काय जाते?"

"मले दिसलं ते कसं खोडू?"

"डोळे मिटून खोड."

तिने खोडलं नाही. बाकीच्या सगळ्या वह्यांवर सह्या झाल्या, तिची कोरी परत आली. प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती, आणि तिला दहावीनंतर विज्ञानच घ्यायचं होतं. मी कपाटात पडून विचार करत होते. मी घाण? ज्या माणसाने मला कधी हाताने धुतलं नाही, तो मला घाण म्हणतो. अ नळी मात्र खुशीत. तिला वाटत होतं, पांढरं होणं हा फक्त तिचाच हक्क.

पुढच्या तासाला प्रतीक्षा बाटली घेऊनच आली.

"सर, नळी धुतली की झालं ना? तुमच्यासमोर धुते."

"धू. एकदाची खात्री होऊन जाऊ दे तुही," सर खुर्चीत टेकून म्हणाले. वर्गाची करमणूक होणार म्हणून त्यांचीही करमणूक.

तिने मला साबणाने घासलं, नळाखाली मनसोक्त धुतलं. मग बाटलीतलं पाणी ओतून त्यात चिमूटभर साखर टाकली.

"हे कोनतं पाणी?" सरांनी विचारलं.

"बॅटरीचं. काका जीपच्या बॅटरीत टाकतात ते. त्यात काहीच नसते म्हणतात, म्हणून आणलं."

थेंब पडला. आणि मी पुन्हा धुरकटले. अगदी जरासं, पण धुरकटले. वर्ग हसला. संघर्ष म्हणाला, "आता गंगाजल आण वं." सर तर एवढे खूश झाले की डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला लागले.

"पाह्यलं? नळीच घाण. आता लिही."

प्रतीक्षाचे कान लाल झाले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, माझ्या भिंतींकडे बघ, काय चिकटलंय ते बघ. पण काचेला तोंड असून बोलता येत नाही. तिने मला डोळ्यांजवळ धरलं. मग नळाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"सर, धुतलं तं नळाच्या, बोअरच्याच पाण्यानं. त्याचे थेंब आत राह्यले असतील."

परवानगीची वाट न बघता तिने मला बॅटरीच्या पाण्याने विसळलं. ओतून दिलं, पुन्हा विसळलं. मग साखर, मग तेच पाणी, मग थेंब.

मित्रांनो, मी इतकी नितळ कधीच नव्हते. माझ्यातून पलीकडचा फळा वाचता येत होता.

आता सर काय म्हणतील ते तुम्हाला सुचायचंही नाही. ते उठले, खडू घेतला आणि म्हणाले, "झालं ना? ब नळीत काही बदल नाही. हेच तं सांगतलं व्हतं म्या. लिहा."

हे असं असतं बघा. उत्तर जुळलं की सर जिंकले.

प्रतीक्षा मात्र बसली नाही. तिने दुसरी नळी बॅटरीच्याच पाण्याने विसळली, नळाखाली भरली, त्यात मीठ नाही, साखर नाही, काही नाही, आणि थेंब टाकला. नळी ताकासारखी झाली.

"घाण पाण्यात होतं सर. म्हणजे घाण बी नाही, खारं आहे. हेच पाणी आपण रोज पिऊन राह्यलो."

अख्खं गाव खारपाणपट्ट्यात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरे थर चढतात, हे घरोघरी माहीत. पण घरचं पाणी आणि पुस्तकातलं रसायन एकाच नळीत येऊ शकतं, हे त्या वर्गात आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. संघर्ष बाकावरून पुढे झुकला. "सर, आमच्या घरचं पाणी आणू का उद्या? आमच्या हिरीचं गोड आहे म्हणतात."

"आमचं बी आणतो," कोणीतरी म्हणालं. मग सगळेच बोलायला लागले. फळ्यावर सरांचं वाक्य तसंच राहिलं, कोणी उतरवलं नाही.

प्रतीक्षाने वही सरांपुढे ठेवली. त्यात तिने लिहिलं होतं, 'शाळेच्या बोअरचं पाणी वापरल्यावर ब नळी पांढरी झाली. बॅटरीचं पाणी वापरल्यावर बदल नाही.' सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी सही केली. बारीक केली, रागाने केली, पण केली.

मागून संघर्षचा आवाज आला, "सर, आम्ही खोडून परत लिहू का?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. सह्या करायचं पेन मात्र मिटलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. मला फडक्याने पुसून शोभेला ठेवू नका. मला धुवा, पण कशाने धुताय तेही बघा. आणि मी पांढरी झाले, तर पांढरी लिहा.