मागून दोन थापा

मोरोपंत वकिलांनी काळा कोट खुंटीला टांगला आणि चाकांवरचं घर करायला घेतलं. अमरावतीच्या अन्सार मिस्त्रीने जुन्या मिनीबसच्या सीटा उपटून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून दिलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे होतं, आणि ते चारुशीलाबाईंच्या शेताने चुकवलं.

दर्यापूरकडचं ते शेत वडिलांनी लेकीच्या नावावर केलेलं. पण ती वर्षं अशी, की कापसाने अख्ख्या वऱ्हाडाला रडवलं होतं. ठोक्याने, वर्षाची रक्कम ठरवून, वाहायलासुद्धा कोणी मिळेना. मोरोपंतांनी गिऱ्हाईक गाठलं आणि एका सकाळी बायकोला म्हणाले, "चल, एक सही करायची आहे." कशावर, ते तिला रजिस्ट्रारच्या बाकावर बसल्यावर कळलं. चारचौघांत तमाशा नको म्हणून तिने मुकाट सही केली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढी, रक्तदाबाची गोळी काढून ठेवी, पण तोंडातून शब्द नाही.

दिवाळी त्याच अबोल्यात गेली. घर खायला उठलं, तेव्हा मोरोपंतांनी मेळघाटाची वाट धरली. डोंगराची हवा लागली की बोलेल. शिव्या दिल्या तरी चालेल, पण बोल बाई, एवढंच त्यांचं मागणं होतं.

निघताना अन्सारने बजावलं होतं, "वकीलसाहेब, गाडी लंबी हाय. घाटात मांगं घ्याची पाळी आली त आरशाच्या भरोशावर राहू नका. मांगं माणूस उभं करा. दोन थापा, येऊ द्या. एक थाप, थांबा." बाई तिथेच उभ्या होत्या.

सेमाडोहच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते खड्डे, मधूनमधून डांबर. बाई मागे पलंगावर बसलेल्या. एका अरुंद वळणावर धारणीकडून एसटी उतरत आली आणि दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

"चढणाऱ्याचा हक्क पहिला," मोरोपंत खिडकीतून म्हणाले.

"हक्क तुमचाच हाय, साहेब," एसटीचा ड्रायव्हर म्हणाला. "पन माह्या मांगं भरलेल्या जीपा हायेत, अन् तुमच्या मांगं कोनीच नाई. घ्या ना!"

घ्या आता! सगळी वकिली घाटात बसली. मोरोपंतांनी रिव्हर्स टाकला. आरशात सागाच्या पानांशिवाय काही दिसेना. तेवढ्यात मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. बाई न सांगता उतरल्या होत्या. मोरोपंत हळूहळू मागे सरकले. पुन्हा दोन थापा. आणि मग काहीच नाही.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. एक बाजू दरीची. गाडी जाईल याचं भय नव्हतं. ही बाई रस्त्याने तशीच चालत निघून गेली असेल, याचं होतं.

"चारू!" त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "येऊ का गं मागे?"

पदर खोचलेल्या चारुशीलाबाई चालत खिडकीपाशी आल्या.

"काय म्हणालात?"

इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकून मोरोपंत खिडकीतून आणखी वाकले. "विचारलं... येऊ का."

"शेताच्या वेळी एवढंच विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं. त्या जमिनीत राहिलं तरी काय होतं?"

एसटीने हॉर्न दिला. बाई पुन्हा मागे गेल्या. दोन थापा पडल्या, मोरोपंत सरकले. रुंद जागा आल्यावर एक थाप पडली आणि गाडी जागच्या जागी थांबली. एसटी गेली, जीपा गेल्या, धूळ खाली बसली.

मोरोपंतांनी शेजारचं दार उघडलं. "पुढे बसतेस?"

"नाही." बाई मागून चढल्या आणि दार लावून घेतलं.

मोरोपंतांचा हात किल्लीवर गेला, पण तिथेच राहिला. मान वळवून त्यांनी विचारलं, "निघू का?"

त्यांनी किल्ली फिरवली नाही. मग पत्र्यावर दोन थापा पडल्या.