हलक्या पायाची ताई

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. माझा रंग विटला आहे, पण मन अगदी भरलेलं आहे. ते कुणामुळे, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून मी थेट दादांच्या दारी आले. त्यांचा माझ्यावर जीव होता, पण स्वभाव भारी उतावळा. सिग्नल सुटला की मला पिटाळायचे आणि पुढच्या चौकात करकचून ब्रेक दाबायचे. टपावर रिकामं कॅरियर, डिकीत उरलेल्या फरशा, चाकांत हवा कमी. दुकानासमोर गप्पा रंगल्या तरी माझं इंजिन धडधडतच असायचं. मी घटाघटा पेट्रोल प्यायचे आणि काळा धूर ओकायचे. शेवटी "ही फार खादाड झालीय" म्हणत दादांनी नवी गाडी घेतली आणि मला धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या ताईला, देऊन टाकलं.

ताई नर्स होती, घरोघरी जाऊन रुग्णांना बघायची. तिनं आधी मला मिस्त्रीकडे नेलं. फिल्टर बदलला, हवा भरली, कॅरियर उतरलं, फरशा गेल्या. मला मोकळा श्वास घेता आला! ताईचा पायही हलका. लांबवर तांबडा दिवा दिसला की ती ॲक्सिलरेटर सोडून द्यायची. काळा धूर थांबला. डोळ्यांना न दिसणारा, पण हवेत साठून पृथ्वीला तापवणारा कर्बवायूही माझ्यातून कमी जाऊ लागला.

एका सकाळी दादांच्या बायकोला, वहिनींना, अचानक बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. दादांच्या नव्या गाडीची टाकी कोरडी पडली होती. ताई मला घेऊन धावली आणि दोघांना बसवून दवाखान्याकडे निघाली. पण वाटेतला पूल दुरुस्तीसाठी बंद! आता रानातून मोठा वळसा, वाटेत पंप नाही आणि माझा काटा तळाला.

"अगं, दाब ना जरा!" दादा ओरडले.

"दादा, दाबलं तर पेट्रोल वाटेतच संपेल. तू वहिनीचा हात धर."

मागून वहिनी कण्हत म्हणाल्या, "तिला चालवू द्या हो."

एकसारख्या वेगानं, एकही झटका न देता, ताईनं मला दवाखान्याच्या दारात नेलं. तिथंच मी आचके देऊन बंद पडले. थोड्याच वेळात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. दादा बाहेर आले आणि त्यांनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. मग ताईला म्हणाले, "मला शिकव गं असं चालवायला."

मित्रांनो, ताईचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी गाडी असेल, तर तिला जपा. ती थांबली, की इंजिन बंद करायला मोठ्यांना सांगा. रस्त्यानं चालणाऱ्या लहानग्यांची नाकं आमच्या सायलेन्सरपासून फार उंच नसतात हो.